जलरोधी कापडाचे घरगुती शिवणकाम

जलरोधी कापडाचे घरगुती शिवणकाम : पाणी आरपार जाऊ नये म्हणून ज्याच्या एका किंवा दोन्ही पृष्ठांवर रबर, प्लॅस्टिक, मेण, तेल अथवा सिलिकोन यांचा थर चढविलेला असतो, अशा कापडापासून घरच्या शिवणयंत्रावर आच्छादन, खोळ, पिशवी, रेनकोट इ. वस्तू तयार करण्याचे काम. साध्या शिवणकामाहून ते एका मूलभूत बाबतीत निराळे आहे. सुती कापडातून सुई जाते तेव्हा धागे बाजूला सरतात व सुई निघाल्यावर बहुतांशी पूर्वस्थितीस येतात. थर दिलेल्या कापडाला पडलेले छिद्र मात्र कायम राहते. अशी वस्तू पाण्यास कितपत दाद देत नाही, हे म्हणूनच कापडापेक्षा शिवणीवर अधिक अवलंबून असते.

बाजारात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. पाण्याचे थेंब ज्यावरून ओघळून जातात, पण दाब पडल्यास वा भिजणे लांबल्यास ज्यातून पाणी झिरपते, ते कापड जलरोधी; ज्यातून दाबाखालीही पाणी जात नाही, ते जलाभेद्य. हा दाब कापडावर उभ्या केलेल्या पाण्याच्या स्तंभाच्या उंचीवरून मोजतात. सु. १,५०० मिमी. उंचीचा स्तंभ तोलणारे कापड पावसाळी कपड्यांसाठी पुरेसे समजले जाते. ही मोजणी अखंड तुकड्यावर होते. त्यात शिवण धरलेली नसते.

महाराष्ट्रातील जुन्या पर्जन्यसाधनांत हा प्रश्न जवळजवळ उद्‌भवतच नव्हता. इरल्यात बांबूच्या सांगाड्यावर पाने रचलेली असत. घोंगडीची किंवा गोणपाटाची खोळ करताना काही शिवावे लागत नसे; गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला, की डोके व पाठ झाकली जाई. प्रश्न उभा राहिला तो थर दिलेले कापड आल्यावर. चार्ल्स मॅकिंटॉश (१७६६–१८४३) या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी नॅप्थ्यात विरघळविलेले रबर दोन कापडांच्या मध्ये भरून केलेल्या कापडाचे एकस्व १८२३ मध्ये मिळविले. शिंप्यांनी या कापडाचे नेहमीच्या रीतीने कोट शिवले आणि ते शिवणीतून गळू लागले. दोष मात्र कापडाच्या माथी आला. त्यांचे सहकारी टॉमस हॅन्कॉक (१७८६–१८६५) यांनी ही तक्रार आपल्या आठवणींत नमूद केली आहे. पुढे कंपनीने कोट स्वतःच तयार करण्यास आरंभ केला. उन्हात चिकट व थंडीत ताठर होणे हा रबराचा दुसरा दोष व्हल्कनीकरणाने दूर झाला (हॅन्कॉक यांचे एकस्व १८४३, चार्ल्स गुडइयर यांचे १८४४). छिद्रांचा दोष तसाच राहिला.

नाशिक जिल्ह्यातील सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण आरम नदीकाठी आहे. तालुक्याच्या पश्चिमेस साल्हेरच्या डोंगराळ भागात पाऊस बराच पडतो, तर पूर्वेकडील भाग पर्जन्यछायेत येतो. असे असूनही या भागात आच्छादनाची गरज पावसाळ्यापुरती मर्यादित नाही. उन्हाळ कांदा काढून शेतात वा खळ्यावर पडलेला असतो, नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे मार्च ते मे या काळात, अवकाळी पाऊस व गारपीट यांचे भय असते. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. एक सडला की शेजारचे धरतात. अशा वेळी घरात असेल ती ताडपत्री ढिगावर ओढली जाते. दोन लहान ताडपत्र्या जोडून, फाटलेल्या भागास ठिगळ लावून किंवा ट्रॉलीच्या मापाने शिवून घेतलेले आच्छादन असेल आणि त्याची शिवण गळत असेल, तर ढिगात शिवणीखालचा पट्टा तेवढा भिजतो व सड तेथून पसरते.

सध्याची ताडपत्री बहुधा उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनाच्या पट्ट्या विणून व त्यांवर कमी घनतेच्या पॉलिएथिलिनाचा थर देऊन केलेली असते. ती स्वस्त व हलकी असते. परंतु पॉलिएथिलिनाच्या पृष्ठाला नेहमीचे कोणतेही चिकटद्रव्य नीट धरत नाही. कारखान्यात तिचे जोड उष्णतेने वितळवून करतात. घरच्या इस्त्रीने तसे करू पाहणे धोक्याचे असते, कारण वरचा थर सु. ११० °से. तापमानाला वितळतो आणि इस्त्रीचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. जाड सुती कॅनव्हास, पॉलिव्हिनिल क्लोराइडाचा थर असलेले कापड (रेक्झीन या जातीचे) आणि पॉलियुरेथेनाचा थर दिलेले नायलॉन वा पॉलिएस्टर ही घरी शिवण्यास अधिक सोयीची. नवशिक्याने शेवटच्या प्रकारापासून सुरुवात करावी.

शिवताना टाक्याची लांबी ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. नाजूक टाका म्हणजे उत्तम शिवण, ही एरवीची समजूत येथे उलटी ठरते. १४ क्रमांकाच्या सुईचा व्यास सु. ०·९ मिमी. असतो. टाका १·५ मिमी. ठेवल्यास दोन छिद्रांमध्ये जेमतेम ०·६ मिमी. कापड उरते आणि शिवण टपाल तिकिटाच्या कडेप्रमाणे फाटते. तोच टाका ३·५ मिमी. ठेवला, तर २·६ मिमी. कापड शाबूत राहते आणि एक मीटर शिवणीतील छिद्रे सु. ६६० वरून २८५ वर येतात. पातळ नायलॉनास ११ क्रमांकाची, रेक्झिनास १४ किंवा १६ क्रमांकाची नवी, तीक्ष्ण सुई वापरावी. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा पाणी शोषून आत नेतो व कालांतराने कुजतो. कॅनव्हासाचा मात्र अपवाद करावा लागेल : तेथे सुती दोरा भिजून फुगतो व छिद्र बरेचसे बुजवतो. जुन्या तंबूंच्या शिवणी याच गुणावर टिकून असत.

टाचण्या लावू नयेत. कडा कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी धराव्यात. धावदोरा घालायचाच झाल्यास तो शिवणीबाहेरील कडेच्या भागात घालावा. तीच गोष्ट उसवण्याची, कारण उसवलेल्या टाक्याची छिद्रे बुजत नाहीत. चिकट पृष्ठ यंत्राच्या पायाखाली अडखळते व टाके गोळा होतात. त्यावर टेफ्लॉनचा पाय हा उपाय आहे. तो नसल्यास कापडावर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवावे व मग ती फाडून काढावी, किंवा थोडी टाल्कम पावडर लावावी. पावडर नंतर पुसून काढणे विसरू नये. तिच्यावर लेप धरत नाही. आरंभी एका कात्रणावर ताण व टाका पाहून घ्यावा, हे सांगण्याची खरे तर गरज नाही. तरी कात्रण वाचविण्याच्या नादात कापड वाया गेल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील.

दोन्ही कडा एकमेकींत अडकवून, दुमडून दोन ओळींत घातलेली चपटी शिवण सर्वांत विश्वसनीय. तीत छिद्रे दुप्पट पडतात, पण पाण्याला सरळ वाट मिळत नाही. दुमड नेहमी उताराच्या दिशेने ठेवावी, म्हणजे घराच्या कौलांप्रमाणे वरचा भाग खालच्यावर येतो. ढिगाच्या आच्छादनातील जोड शक्यतो उताराला समांतर घ्यावा, आडवा नको; आणि पाणी साचेल अशा खोलगट जागी तर मुळीच नको. लेप आतल्या बाजूने लावतात. पॉलियुरेथेनाच्या थरास पॉलियुरेथेनाचा लेप चालतो. सिलिकोनाच्या थरावर केवळ सिलिकोनच चिकटतो. कॅनव्हासावर मेणाचा खडा घासून तो गरम हवेने मुरविला, तरी काम भागते.

पाणी बाहेर ठेवणारे कापड बाष्पही आत कोंडते. पूर्ण बंद रेनकोटात माणूस घामाने भिजतो, म्हणून काखेत व पाठीवर झाकलेली झरोक्याची जागा सोडतात. झाकलेल्या कांद्याचेही तसेच : पाऊस थांबताच आच्छादन काढून वारा लागू द्यावा लागतो, नाही तर तो आतल्या ओलाव्याने सडतो.

पाणी घरंगळावे म्हणून पृष्ठावर दिल्या जाणाऱ्या फ्ल्युओरीनयुक्त संस्करणांपैकी परफ्ल्युओरोऑक्टॅनॉइक अम्ल हे पर्यावरणात दीर्घकाळ टिकत असल्यामुळे २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत घेण्यात आले. मेणाचे व सिलिकोनाचे पर्याय त्यामुळे पुन्हा पुढे आले आहेत.

थर दिलेली वस्तू घडी घालून ठेवल्यास घडीच्या रेषेवर थर तडकतो, तर दमट जागी पॉलियुरेथेनाचा थर चिकट होऊन सुटू लागतो. ती पूर्ण वाळवून, गुंडाळून, उन्हाआड ठेवावी व दर हंगामापूर्वी शिवणी आतून पाणी ओतून तपासाव्यात. जेथे बाहेरून ओल दिसेल, तेथे पुन्हा लेप द्यावा.