सोनाराच्या तराजूवरची मोटार

२०२१च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात एक मॅक्लारेन एफ१ मोटार २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरना गेली. या गाडीचं वजन १,१३८ किलो. भागाकार केला तर ग्रॅमला १८ डॉलर, म्हणजे तोळ्याला १८०. त्या महिन्यात चांदी तोळ्याला ८ डॉलरच्या आतच होती आणि सोनं ५७०च्या आसपास. म्हणजे टायर, काचा, कातडं सगळं धरून गाडी चांदीच्या वीसपटीहून चढ्या भावाने विकली गेली. तिच्या इंजिनाच्या खणाला आतून खरोखरच सोन्याचा वर्ख लावलेला असतो. काजू कतलीवरच्या वर्खासारखा मिरवायला नव्हे. सोनं उष्णता छान परतवतं म्हणून.

भाव राहू द्या. मला त्यातलं वजन भुरळ घालतं. या गाडीचे कर्ते गॉर्डन मरे, जन्म १९४६चा, गाव दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन. १९८८ साली त्यांच्या मॅक्लारेन संघाने फॉर्म्युला वनच्या १६पैकी १५ शर्यती जिंकल्या. गमावली ती एकच, इटलीत मोंझाला. तिथून परतताना विमानाला उशीर झाला, आणि विमानतळावर बसल्या बसल्या मरे, संघप्रमुख रॉन डेनिस आणि मंडळींनी रस्त्यावर चालवायची गाडी काढायचं मनावर घेतलं. गाडी १९९२ला लोकांपुढे आली, १९९५ला तिच्या शर्यतीच्या अवताराने ल मान्सची २४ तासांची शर्यतही मारली. पण मरेंनी मनाशी धरलेलं वजन होतं १,००० किलो. वरचे १३८ त्यांना पुढे तीस वर्षं खुपत असावेत, कारण २०२०मध्ये त्यांनी पुन्हा तीच गाडी मांडली: टी.५०. तीन सीट, चालक मधोमध, हाताने बदलायचे गिअर, १२ सिलिंडर. या वेळी वजन हजाराच्या आत आलं.

हे कसं जमलं? एखादा मोठा भाग हलका करून नाही. दर आठवड्याला फक्त वजनाची बैठक व्हायची आणि सुमारे ९०० नट, बोल्ट, कंस एकेक करून तपासले गेले. सोनार गुंजेचा हिशेब ठेवतो, तसा. गिअरबॉक्सच्या कवचाची जाडी २.४ मिलिमीटर. पुढची काच नेहमीपेक्षा २८ टक्के पातळ. चालकाची सीट ७ किलोची, बाजूच्या दोन्ही ३-३ किलोच्या. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमधली प्लास्टिकची खुर्चीसुद्धा साधारण एवढी भरते. जुन्या एफ१मधली गाणी ऐकायची यंत्रणा साडेआठ किलोची होती, नवी ३.९ किलोची. कार्बन फायबरचा सांगाडा आणि बाहेरचे सगळे पत्रे मिळून १५० किलोसुद्धा होत नाहीत. खरं तर पत्रे म्हणायचं ते सवयीनं, पत्रा त्यात नाहीच.

आता इंजिन. ते कॉसवर्थ कंपनीने केलं: ३,९९४ सीसी, वजन १७८ किलो. एफ१मधलं बीएमडब्ल्यूचं इंजिन २६६ किलोचं होतं, म्हणजे एक धडधाकट माणूस खाली उतरवला. फिरतं मिनिटाला १२,१०० फेऱ्यांपर्यंत. सेकंदाला दोनशे फेरे, आणि बाराही सिलिंडर धरून सेकंदाला १,२१०  स्फोट. पिस्टनला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं असतं फक्त ६३.८ मिलिमीटर, पण तेवढ्या जागेत तो सेकंदाला चारशे वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. वरच्या टोकाला तो थांबतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ५ हजार पटींहून जास्त ओढ असते. तिथल्या दर १०० ग्रॅमला अर्ध्या टनाहून जास्त ताण! पिस्टनमधून १० ग्रॅम खरवडले की कनेक्टिंग रॉडवरची ५० किलोंची ओढ उतरते. मग रॉड बारीक करता येतो, त्यामुळे क्रँक, त्यामुळे इंजिनाची पेटी, आणि इंजिन हलकं झालं की त्याला धरणारा सांगाडाही. ग्रॅम असे व्याजासकट परत येतात.

वेगातही तेच. ताशी ३०० किलोमीटरवर धावणाऱ्या दर किलोत एवढी ऊर्जा असते, की तो किलो साडेतीनशे मीटर उंच उचलला जाईल. बुगाटी शिरॉन १,९९५ किलोची, टी.५०च्या जवळपास दुप्पट. दोघींना ३००वरून थांबवलं तर शिरॉनच्या ब्रेकना जी जादा उष्णता पचवावी लागेल, तिच्यावर दहा लिटर पाण्याला आधण येईल. अख्ख्या ऑफिसचा चहा झाला.

टी.५०च्या मागच्या बाजूला ४०० मिलिमीटरचा एक पंखा आहे, मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत जाणारा. त्याच्या पात्याचं टोक ताशी ५२५ किलोमीटरच्या पुढे पळतं. एवढा वेग खुद्द गाडीलाही नाही. गाडीच्या पोटाखालची हवा ओढून तो तिला रस्त्याला चिकटवून धरतो. ही जुनी खोडी. १९७८ला मरेंनी ब्राभमच्या शर्यतीच्या गाडीला असाच पंखा लावला, निकी लाउडा स्वीडनची शर्यत अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला, प्रतिस्पर्ध्यांनी आरडाओरडा केला आणि ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. त्या पंख्याला रस्त्यावर यायला चार दशकं लागली.

रस्त्यासाठीच्या टी.५० केल्या फक्त १००, एकीची किंमत कर सोडून २३ लाख ६० हजार पौंड. सगळ्यांचं वजन एकत्र केलं तरी १०० टनांच्या आतच. दादरच्या फलाटाशी येऊन थांबणारं डब्ल्यूएपी-७ जातीचं एक इंजिन १२३ टनांचं असतं. त्या इंजिनाची ताकद ६ हजारांहून थोडी जास्त हॉर्सपॉवर. शंभर गाड्यांची मिळून ६५ हजारांच्या पुढे, म्हणजे दसपट. माणसं मात्र त्या शंभरांत ३०० बसतील. स्लीपरचे जुन्या पद्धतीचे चार डबे भरून बारा जण उरतील, आणि डब्ल्यूएपी-७ असे चोवीस डबे ओढतं.