टायरामीन आणि यकृत

टायरामीन या शब्दातच त्याचे मूळ दडलेले आहे. १८४६ साली जर्मन रसायनज्ञ लीबिख यांनी चीजमधील प्रथिनापासून एक अमिनो अम्ल मिळविले. चीजला ग्रीक भाषेत 'टायरॉस' म्हणतात, म्हणून ते टायरोसीन. जंतूंच्या क्रियेने टायरोसीनमधील कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेला की उरते ते टायरामीन. मुरविलेल्या चीजमध्ये ते बरेच असते.

अन्नातून आलेले हे अमाइन एरवी सर्वांगाच्या रक्तप्रवाहात फारसे पोहोचतच नाही. काही भाग आतड्याच्या अस्तरातच नष्ट होतो. उरलेला प्रवेशिका नीलेतून यकृतात येतो. शरीरातील द्रवांत टायरामीनचा रेणू बहुतांशी धनभारित असल्याने पेशीचे स्निग्ध आवरण त्याला सहज ओलांडता येत नाही. यकृतपेशीच्या आवरणातील ओसीटी-१ हे वाहक प्रथिन अशा रेणूंना आत घेते. आत तंतुकणिकांच्या बाह्य पटलावर मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम असते. ते रेणूतील नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने वेगळा करते. सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि मागे आल्डिहाइड उरते. आल्डिहाइड तसे उपद्रवीच. परंतु दुसरे एंझाइम त्याचे लगोलग अम्लात रूपांतर करते व ते अम्ल मूत्रावाटे बाहेर पडते. अमोनियाचा यकृतातच यूरिया होतो.

केंब्रिज येथे मेरी हेअर यांनी १९२८ मध्ये हे एंझाइम यकृताच्या अर्कात प्रथम ओळखले, तेही टायरामीनवरील क्रियेवरूनच. त्याचे पहिले नाव 'टायरामीन ऑक्सिडेज' असे होते. हे नाव पुढे मागे पडले, आणि त्याचे मोल मोठे द्यावे लागले.

१९५०नंतरच्या दशकात क्षयावरील इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनोवृत्ती उल्हसित होते असे दिसले. ते औषध याच एंझाइमला निकामी करीत होते. खिन्नतेवर अशी औषधे सर्रास दिली जाऊ लागली आणि काही रुग्णांना असह्य डोकेदुखी, रक्तदाबाची भयंकर वाढ, क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊ लागला. लंडनमधील तरुण मानसोपचारज्ञ बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ मध्ये त्याचा संबंध चीजशी जोडला, तेव्हा अनेकांना तो प्रथम हास्यास्पद वाटला. वस्तुतः उत्तर दोन्ही नावांतच लिहिलेले होते. आतडे व यकृत यांचा पहारा उठल्यावर टायरामीन तंत्रिकांच्या टोकांपर्यंत जाते, तेथे साठविलेले नॉरॲड्रेनॅलीन बाहेर लोटते आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

या वर्गातील जुनी औषधे घेणाऱ्यांना आजही मुरविलेले चीज वर्ज्य असते; ताजे पनीर मात्र सहसा चालते.