पहिला डाव संपल्यावर : शिपाई, खेळाडू आणि नट यांचा उत्तरार्ध

वकिलाची वकिली वयाबरोबर मुरते. वैद्याचे केस पांढरे झाले की रोगी अधिकच विश्वासाने हात पुढे करतो. शिक्षक, भिक्षुक, सराफ यांचेही तेच. परंतु काही व्यवसाय असे आहेत की, ज्यांत माणूस पस्तिशी-चाळिशीला पोचला की लोक म्हणू लागतात, ‘आता याचे दिवस भरले.’ शिपाई, खेळाडू आणि रंगभूमीवरील नट हे त्या वर्गातले. देह हेच यांचे भांडवल. आणि हे भांडवल असे की, ते वापरल्यावाचून चालत नाही व वापरले की झिजते. पुढे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य उरते. त्याचे काय होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रत्नागिरीकरांना या प्रश्नाची एक बाजू सांगायची गरज नाही. मनिऑर्डर आणि पेन्शन या दोन शब्दांवर या जिल्ह्याच्या कित्येक गावांनी पिढ्यान् पिढ्या चूल पेटवली. दापोलीला आजही जुनी माणसे ‘काप दापोली’ म्हणतात, ती तेथील लष्करी कँपामुळे. कँप गेला, पण निवृत्त शिपायांची वस्ती मागे राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वस्तीत जी माणसे राहत होती, त्यांतील दोघांची नावे आपल्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहेत.

पहिले गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ १८८६ साली हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीस राहू लागले. पेन्शनरांचा ठरलेला उद्योग म्हणजे ओटीवर बसून जुन्या लढायांच्या गोष्टी सांगणे. यांनी लेखणी हाती घेतली. अस्पृश्यतेस शास्त्राधार काय, असे विचारणारी ‘विटाळ विध्वंसन’ ही त्यांची पुस्तिका १८८८ सालची. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा १८९४ मध्ये निवृत्त शिपायांच्या वतीने सरकारकडे करावयाचा अर्ज त्यांनीच सिद्ध केला. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय मंडळींत केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना श्रोत्यांनी करावी.

दुसरे सुभेदार रामजी सकपाळ, मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांची बरीच वर्षे गेली. १८९४ च्या सुमारास महू येथून निवृत्त होऊन ते दापोलीस आले. दरमहा सुमारे ५० रुपये पेन्शन. त्या काळच्या मानाने ही रक्कम उपेक्षणीय नव्हती, पण मोठे कुटुंब आणि मुलांच्या शिक्षणाची हौस यांपुढे ती तुटपुंजीच ठरली. म्हणून सुभेदारांनी सातारा येथे सरकारी बांधकाम खात्यात कोठारावरची नोकरी धरली, पुढे दुष्काळी कामावर खजिनदाराचे काम पाहिले. म्हणजे तलवार ठेवली आणि खतावणी उघडली.

हे दोघेही उत्तरार्धात उभे राहिले ते कशाच्या बळावर? शौर्याच्या तर नव्हेच. कंपनी सरकारच्या व नंतरच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना लिहावाचायला शिकवीत. गावात ज्याला शाळेची पायरी चढू देत नसत, त्याला पलटणीत अक्षरओळख होई. बंदूक परत करून टाकावी लागते, अक्षर परत मागत नाहीत. शिपाईगिरीने दिलेली ही आडवळणाची विद्याच पुढे कामी आली. मला वाटते, या प्रश्नाची किल्ली येथे आहे. मूळ धंद्याबरोबर माणूस आणखी काय शिकतो, यावर त्याचा दुसरा डाव अवलंबून असतो. महारांची भरती बंद झाल्यावर या समाजात एवढी कळवळ का उठली, याचे कारणही यातच सापडते. नुसता पगार गेला नव्हता, शाळाही गेली होती.

आता खेळाडू. पालवणकर बाळू हे नाव ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी ते आज आवर्जून ऐकावे, कारण हे आडनाव आपल्या कोकणातील पालवण गावावरून पडलेले आहे. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीतले. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यास एका पारशी क्लबाच्या मैदानावर झाडलोट करी, खेळपट्टीवर रूळ फिरवी. महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या क्लबात चार रुपये. तेथे साहेबांना सरावासाठी तो गोलंदाजी टाकू लागला. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल त्याला दर वेळी आठ आणे देई अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, डावखुऱ्या हाताची ती फिरकी साहेबाने घडविली आणि हिंदूंनी वापरली, एवढे निश्चित. मैदानावर त्याच्या हातातला चेंडू सर्वांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर वेगळा, मातीच्या भांड्यात चहा मिळे.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. सरासरी १९ धावांहूनही कमी. प्रथम दर्जाच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावास, विठ्ठलरावांस मिळाले.

या काळात बाळूंचे पोट कशावर भरत होते? मुंबईस बी.बी.सी.आय. रेल्वेत ते नोकरीस होते. खेळाडूस नोकरी देऊन आपल्या संघात घ्यायचे, ही चाल पुढे रेल्वे, बँका, गिरण्या आणि मोठमोठ्या कंपन्यांनी उचलली व मुंबईच्या क्रिकेटची कित्येक दशके त्यावर पोसली गेली. वरवर पाहता खेळाडू कंपनीसाठी खेळे. पण खरा लाभ खेळाडूचा होता. खांदा दुखू लागला तरी बँकेची खुर्ची जात नसे, साठीपर्यंत पगार आणि पुढे फंड. आजच्या लिलावात कोट्यवधींचे आकडे ऐकताना आपण दिपून जातो. तथापि त्या यादीत ज्याचे नाव येत नाही अशा शंभर पोरांपेक्षा जुन्या काळचा बँकेतला क्रिकेटवीर अधिक निर्धास्त झोपत असे, असे माझे मत आहे.

क्रिकेट सुटल्यावर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले ते प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध. डॉक्टरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. तरुणपणी ज्या खेळाडूचा बाबासाहेबांना अभिमान वाटे, त्याच्याशीच ही गाठ पडावी हा दैवाचा खेळ म्हणावा. काँग्रेसने बाळूंचे नाव वापरले, असे काही जण म्हणतात. तसे असेलही. पण दोन हजार वीस मतांचा फरक सांगतो की, सतरा वर्षांपूर्वी शेवटचा चौरंगी सामना खेळलेल्या माणसाचे नाव परळ-भायखळ्याच्या चाळींतून तेव्हाही पुसले गेले नव्हते. १९५५ च्या जुलैत त्यांचे निधन झाले.

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ म्हणजे आपल्याकडील क्रिकेट. तेथे अगदी याच वळणाचे एक चरित्र आढळते. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय तरुण दुसऱ्या महायुद्धात सैन्यात अधिकारी होता. १९४४ मध्ये बसमध्ये मागे जाऊन बसण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला. तो निर्दोष सुटला. १९४७ साली ब्रुकलिनच्या संघातून त्याने गोऱ्यांच्या बेसबॉलमध्ये पाऊल टाकले, तेव्हा आमचे बाळू एकाहत्तर वर्षांचे होते. १९५७ च्या आरंभी त्याने खेळ सोडला, तो थेट एका कॉफी कंपनीचा उपाध्यक्ष होऊन. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कृष्णवर्णीयांसाठी बँक काढण्यातही तो पुढे होता. फरक कर्तृत्वाचा नाही, बाजारपेठेचा आहे. तिकडे खेळाडूच्या नावावर कॉफीही खपत होती.

त्याच देशाने १९४४ मध्ये परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. नुसते पेन्शन न देता शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण अथवा धंदेशिक्षण घेतले; त्यांपैकी २२ लाख महाविद्यालयांत गेले. दापोलीच्या पेन्शनरांना पलटणीच्या शाळेने जे योगायोगाने दिले, ते येथे कायद्याने दिले गेले.

आपल्याकडे शिपायाची स्थिती इतर दोघांहून बरी आहे, कारण त्याचे सेवापुस्तक असते. पंधरा वर्षे भरली की पेन्शन. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय. सरकारी नोकरीत राखीव जागा. पण पस्तिशी-चाळिशीत परतलेला हा माणूस पुढे काय करतो? पुष्कळदा बँकेच्या दाराशी टेबलाजवळ बसतो. ज्याने रणगाड्याचे इंजिन उघडून पुन्हा बसविले, बिनतारी यंत्रे हाताळली, त्याच्या हाती आपण काठी देतो आणि वर म्हणतो, ‘मिलिटरीतला आहे, विश्वासू आहे.’ विश्वासू तर तो आहेच. पण तो तंत्रज्ञही आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण पाहा. सांगलीकडचा हा जवान लष्करात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय निकामी झाले. त्यांनी पोहण्यास सुरुवात केली आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. नंतर पुण्यास टेल्कोत नोकरी केली. ‘पद्मश्री’ मिळाली २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. पेन्शन आणि नोकरी यांनी तोवर त्यांचा संसार चालविला, पदकाने नव्हे.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत तर पदकाने संसार चालणे दूरच, पदकासाठी जाण्याचेच वांधे होते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ मध्ये हेलसिंकीस गेला तो लोकांच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीनंतरचा प्रश्न नोकरीचा. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि १९८३ मध्ये साहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पुढल्याच वर्षी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय २००५ चा आहे.

नटाचे सर्वांत अवघड. त्याला सेवापुस्तक नाही, रेल्वेची नोकरी नाही. कंपनी म्हणजे त्याचे घर. ती बुडाली की तो उघड्यावर. बालगंधर्वांची मंडळी १९१३ मध्ये निघाली, आणि तिच्या वैभवाच्या कथा आपल्या आजोबांनी आपल्याला ऐकविल्या आहेत. कर्ज आणि बोलपट या दोघांनी मिळून ती खाली ओढली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, पण ज्यांना स्त्रीवेषात पाहण्यास महाराष्ट्र जमत असे, त्यांना पुरुषवेषात पाहण्यास तो जमला नाही. पद्मभूषण मिळाले तेव्हा (१९६४) शरीर थकून गेले होते. १९६७ मध्ये ते गेले. दीनानाथ मंगेशकरांची ‘बलवंत’ हीदेखील बोलपटाच्या उद्योगात खचली. सावरकर येथे रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ याच कंपनीने १९३१ मध्ये रंगभूमीवर आणले होते.

‘बलवंत’चे दुसरे आधारस्तंभ चिंतामणराव कोल्हटकर. त्यांना गळा नव्हता, आणि संगीत नाटकाच्या त्या जमान्यात ही उणीव लहान नव्हे. पण गळा नसलेल्या नटाला शब्द सांभाळावे लागतात. ते त्यांनी सांभाळले, आणि कंपनी मिटल्यावर कितीतरी वर्षांनी ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यास १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पुढल्याच वर्षी ते वारले.

हे झाले मोठ्यांचे. आपल्या जिल्ह्यातील नमन-खेळ्यांतले सोंगाडी आणि जाखडीचे शाहीर यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी कलेवर पोट कधी भरलेच नाही. मुंबईच्या गिरणीत साचा चालवायचा आणि गणपतीला रजा टाकून गावी येऊन रात्र जागवायची, असा त्यांचा क्रम. गिरणी हीच त्यांची नोकरी आणि पेन्शनही. १९८२ च्या संपानंतर ती गेली. शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. २०२४ मध्ये ही रक्कम महिना पाच हजार रुपये झाली. अर्जासोबत कलेच्या क्षेत्रात केलेल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. ज्याने चाळीस वर्षे रात्रभर अंगणात नाचून सकाळी नारळ आणि विडा घेतला, त्याच्यापाशी पावती कोठून असणार? त्याच्यासाठी गावच्या चार वडीलधाऱ्यांनी सही करून द्यायची, मंडळाच्या जुन्या हँडबिलावर त्याचे नाव शोधायचे, आणि अर्ज मुदतीत पोचवायचा. हे काम करणारी, लिहितावाचता येणारी तरुण मुले प्रत्येक वाडीत आहेत.