गर्भाच्या ऊतींची बँक : सही करण्याआधी

भगिनींनो, गर्भपात झाल्यावर किंवा क्युरेटिंग केल्यावर पोटातून निघालेल्या भागाचे दवाखान्यात काय होते, हे आपण सहसा विचारत नाही. आम्ही नर्सेसनी तो वर्षानुवर्षे पिवळ्या पिशवीत भरला. माणसाच्या शरीराचा भाग पिवळ्या पिशवीत जातो आणि तिथून विल्हेवाटीला, असा नियम आहे. काही देशांत मात्र त्या बाईने होकार दिला, तर हा भाग संशोधनासाठी जपून ठेवतात. जिथे ठेवतात तिला गर्भाच्या ऊतींची बायोबँक म्हणतात. ऊती म्हणजे एकसारख्या पेशींचा समूह. स्नायू, कातडी, मज्जा ही सगळी ऊतींचीच बनलेली.

ऐकून अंगावर काटा येतो, हे आम्हाला कळते. म्हणून आधी हे कशासाठी, ते सांगतो.

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल सांगायला नको. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सिकलसेलचे लेकरू जन्मल्यावर पहिले काही महिने बहुधा ठीक असते, दुखणी नंतर सुरू होतात. कारण पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते, ते तांबड्या पेशींना विळ्यासारखे होऊ देत नाही. जन्मानंतर ते कमी होत जाते. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी देतात ती हेच गर्भाचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढावे म्हणून. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने सिकलसेलवर जनुक दुरुस्त करण्याचा उपचार मंजूर केला, त्याची युक्तीही तीच. आता हे हिमोग्लोबिन का बंद होते, हे शोधायचे कशात? उंदरात माणसासारखे गर्भाचे वेगळे हिमोग्लोबिन नसतेच. माणसाच्या गर्भात बराच काळ रक्त यकृतात तयार होते, तेव्हा अभ्यासाला तेच लागते. मणक्याचे व्यंग, हृदयातले छिद्र यांचेही तसेच. पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आसपास मिटते; तेव्हा कित्येक बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

आता दुसरी बाजू. 1962 मध्ये स्वीडनमध्ये एका बाईचा गर्भपात झाला. त्या गर्भाच्या फुप्फुसातून घेतलेल्या पेशी अमेरिकेत वाढवल्या गेल्या आणि त्या प्रकारच्या पेशींवर पुढे रुबेलाची लस तयार झाली. आपल्या लेकरांना अंगणवाडीत नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचे इंजेक्शन मिळते, त्यातला रुबेलाचा विषाणू त्याच वाणाचा आहे. गैरसमज नको : लसीत गर्भाचा तुकडा नसतो, आणि त्यासाठी नवा गर्भही लागत नाही, जुन्याच पेशी वाढत राहतात. लस चुकवू नका. गरोदरपणी रुबेला झाला तर बाळ आंधळे, बहिरे होऊ शकते, ते या लसीने टळते. पण ज्या बाईपासून हे सुरू झाले, तिला कोणी विचारले नव्हते. आमचा आक्षेप तेवढाच आहे, आणि तो लहान नाही.

ब्रिटनमध्ये 1989 साली जॉन पोल्किंगहॉर्न यांच्या समितीने यावर नियम घालून दिले. 1999 मध्ये तिथे लंडन आणि न्यूकॅसल या दोन ठिकाणी मिळून एक बँक उभी राहिली. तिथली रीत अशी. गर्भ ठेवायचा की नाही, हे बाई आधी ठरवते. तो निर्णय झाल्यावरच ऊती द्यायच्या का, हा प्रश्न निघतो. संशोधनाच्या सोयीसाठी गर्भपाताची तारीख किंवा पद्धत बदलायची नाही. पैसे नाहीत, बक्षीस नाही. नाही म्हटले तरी उपचार तेच. कायद्यानेही ही ऊती आईची मानली जाते. होकार मिळाल्यावर नाव काढून नंबर लावतात. काही भाग मेणाच्या वडीत बसवून केसाहून पातळ काप करतात, काही उणे ऐंशी अंशांवर गोठवतात. मग संशोधक अर्ज करतात, तो तपासून पाहिजे तेवढेच देतात.

आमच्या उमेदीच्या काळात एका दवाखान्यात बाई टेबलावर, हाताला सलाईन, आणि आम्ही तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. त्यावर काय छापले होते, हे तिला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हीही वाचले नव्हते. त्या काळी बायोबँकेचे नावही आम्ही ऐकले नव्हते, पण अशा टेबलावर घेतलेली सही कशाचीही असू शकते.

म्हणून उद्या असा कागद पुढे आला, तर हे ध्यानात ठेवा. कायदेशीर गर्भपातासाठी आपल्याकडे ‘फॉर्म सी’ असतो. बाई सज्ञान असेल तर त्यावर तिचीच सही लागते, नवऱ्याची नाही. संशोधनासाठी ऊती देण्याचा कागद त्याहून वेगळा असला पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत बायोबँकेवर वेगळे प्रकरणच आहे. समजेल अशा भाषेत सांगणे, नीतिसमितीची मंजुरी, आणि वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार, हे त्यात आहे. नाव पुरते पुसले गेले नसेल, तर दिलेली संमती मागेही घेता येते.

विचारायचे ते सरळ विचारा. माझा नंबर कोणाकडे राहील? ऊती परदेशात किंवा कंपनीकडे जाईल का? जनुकांची तपासणी होणार का, आणि त्यात काही निघाले तर मला सांगणार का? उत्तर पटले तर द्या, आम्ही अडवणार नाही. सिकलसेलच्या आया बघितल्यावर आम्ही स्वतः दिली असती. नाही पटले तर कागद कोरा परत करा. आणि विचारणारी बाई टेबलाशी येऊन विचारत असेल, तर तिला म्हणा, उद्या वॉर्डात या, मी बसलेली असेन तेव्हा बोलू.