सिद्धतेतली फट

क्वांटम यांत्रिकीच्या पोटात छुपी चलं, म्हणजे मोजमापांचे निकाल आधीच ठरवणाऱ्या दडलेल्या राशी, असूच शकत नाहीत, अशी सिद्धता गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९३२ मध्ये दिली. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द. बहुतेकांनी तो प्रमाण मानला. ग्रेटे हर्मान यांनी १९३५ मध्येच त्यातल्या एका गृहीतकावर बोट ठेवलं होतं, पण विचारतो कोण!

पुढे डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये छुप्या चलांचा सिद्धांतच मांडून दाखवला. त्यात कणाला कायम ठरावीक जागा असते आणि लाट त्याला वाट दाखवते. दोन फटींच्या प्रयोगात कण एकाच फटीतून जातो, लाट दोन्हींतून. पडद्यावर पट्टे मात्र नेहमीच्या क्वांटम यांत्रिकीतलेच उमटतात. मला हे चित्र देखणं वाटतं, पण महागडंही: गुंतलेल्या कणांपैकी इथल्याचा वेग दूरच्याच्या जागेवर त्याच क्षणी अवलंबून राहतो. ही किंमत टाळता येत नाही: क्वांटमची भाकितं जशीच्या तशी हवीत, तर स्थानिक, म्हणजे दूरचा असा तात्काळ परिणाम न मानणाऱ्या, छुप्या चलांनी भागत नाही, हे जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवलं.