शिफ्टिंगचं कोटेशन ३६ हजार, खर्च दीड लाख: धंद्यासाठी गावाकडे जाताय? आधी हा हिशोब मांडा

नोकरी सोडून गावाकडे धंदा सुरू करायचा, हा प्रश्न आपल्या बॅचमध्ये दर वेळी येतो. मशीन कुठलं, लोन कुठून, मार्जिन किती, सगळं विचारून होतं. पण पुण्यातलं घर उचलून नागपूरला न्यायला किती लागतील, हे सहसा कोणी विचारत नाही. "ट्रकचं भाडं काय, तीसेक हजार होतील" म्हणतात आणि विषय संपतो. नेमकं तिथेच भांडवलाला पहिलं भोक पडतं.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही भोसरीत राहता, वन बीएचके, घरात चार माणसं. नागपूरला लाकडी घाण्याचं तेल काढायचं ठरवलंय. त्यासाठी ४ लाख साठवलेत. अंतर साधारण ७०० किलोमीटर. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमचे आकडे तुम्ही स्वतः फोन फिरवून टाकायचे.

शिफ्टिंगवाल्याने ३६,००० सांगितले. आता पहिला प्रश्न विचारा: जीएसटी धरून की सोडून? पॅकिंग, चढउतार, वाहतूक असं एकत्र बिल असेल तर सहसा १८ टक्के लागतो, म्हणजे ६,४८० वर. झाले ४२,४८०. सोसायटीचा शिफ्टिंग चार्ज, हमालांचा चहापाणी २,०००. बाईक वेगळी पाठवायची, ४,५००. घर बघायला आधी दोन चकरा आणि शेवटी सगळ्यांचा प्रवास, १०,०००. नागपूरच्या घराचं डिपॉझिट ३०,०००, एजंटचं एक भाडं १०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं १०,०००. भोसरीचं घर महिनाअखेरीपर्यंत तुमच्याच नावावर, त्याचे अर्ध्या महिन्याचे ७,०००. पंखे, गिझर, पडद्याचे रॉड, नळ लावायला ५,०००. पहिल्या आठवड्याचं बाहेरचं जेवण आणि नव्याने भरलेला किराणा ९,०००. मुलांचा शाळाप्रवेश, गणवेश, पुस्तकं १५,०००.

बेरीज करा. १,४४,९८०.

आणि अजून घाण्याचा एक थेंबही पडलेला नाही. धंद्यातून घरखर्च निघायला तीन महिने लागले आणि घराला महिन्याला २२,००० लागत असतील, तर आणखी ६६,०००. चार लाखांतले दोन लाख ११ हजार घरानेच खाल्ले. मग घाणा उधारीवर येतो, शेंगदाणा उधारीवर येतो, आणि माणूस म्हणतो, धंद्यात बरकत नाही. धंद्याची चूक नव्हती हो! धंद्याचे पैसे ट्रकमध्ये गेले.

बेरजेपेक्षा तारीख बघा

आता कोणी म्हणेल, भोसरीचं ४५,००० डिपॉझिट परत मिळणार आहे की. मिळेल. पण कधी? बहुतेक मालक घर रिकामं झाल्यावर, लाइट बिल बघून, रंगाचे पैसे कापून देतात. तुम्हाला नागपूरचं डिपॉझिट मात्र सामान निघण्याआधी भरावं लागतं. म्हणजे काही दिवस दोन्ही डिपॉझिट तुमच्याच खिशातून गेलेली असतात. म्हणून वहीत तीन रकाने करा: खर्च, रक्कम, तारीख. परत येणारा पैसा हातात पडेपर्यंत शून्य धरा. अ‍ॅग्रीमेंटमध्ये नोटीस किती दिवसांची आहे ते आजच उघडून बघा. एक महिन्याची असेल आणि तुम्ही दहा दिवस आधी सांगितलंत, तर वीस दिवसांचं भाडं फुकट गेलं.

बँकेत दोन खाती ठेवा, एक शिफ्टिंगचं आणि एक भांडवलाचं. भांडवलाच्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात आणि त्या खात्याचं यूपीआय फोनमधून काढलेलं. हसू नका, मी हे बऱ्याच जणांना करायला लावलंय.

"गावी घर आहेच, भाडं कशाला?" असंही ऐकतो. छानच आहे, मोठा खर्च वाचला. फक्त तिथे आधीच एक फ्रिज, एक टीव्ही, दोन कपाटं आहेत हे विसरू नका. मग तुमचं सामान ७०० किलोमीटर कशासाठी न्यायचं?

काय न्यायचं, काय विकायचं

ट्रकचा दर जागेवर ठरतो. सोफा, डबल बेड, लोखंडी कपाट जागा खातात. सोपी रीत सांगतो. मोठी जड वस्तू काढल्याने भाडं किती कमी होईल ते शिफ्टिंगवाल्यालाच विचारा. त्यात ती वस्तू विकून मिळणारे पैसे मिळवा. तेवढ्यात नागपूरला चालण्यासारखी सेकंडहँड वस्तू मिळत असेल तर इथेच विका. उलट, भांडीकुंडी, मिक्सर, गाद्या, डबे विकू नका. विकताना भंगाराचा भाव येतो आणि परत घ्यायला गेलं की शंभर-दोनशे करत हजारो जातात. हा निर्णय घरात एकट्याने घेऊ नका. स्वयंपाकघराची यादी जी व्यक्ती ते चालवते तिनेच करावी.

गॅसचा भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये टाकू नका. एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करा, डिपॉझिट आणि कागद घ्या, नव्या गावात त्यावर कनेक्शन मिळतं. मात्र तिथलं डिपॉझिट आजच्या दराने, ते रकान्यात लिहा.

कोटेशन तीन जणांकडून घ्या, तेही घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर दाखवून. मजला, लिफ्ट, टोल, हमाली, सगळं लेखी. फारच स्वस्त सांगणारा वाटेत गाडी थांबवून जास्त पैसे मागतो, असे प्रकार घडतात. जीएसटी नंबर मागा आणि पोर्टलवर तपासा. अ‍ॅडव्हान्स थोडाच द्या, बाकी सामान उतरल्यावर. नागपूरहून माल घेऊन आलेली आणि रिकामी परत जाणारी गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं. त्यासाठी तारखेत दोन-तीन दिवसांची ढील ठेवा. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळा. मुहूर्त पाहिजेच असेल तर त्या दिवशी कलश नेऊन दूध उतू घालवा, ट्रक मंगळवारी येऊ दे. देव ट्रक मोजत नाही.

आता धंदेवाल्यांसाठी खास. भाडं वाचतंय म्हणून नवीन मशीन घरसामानात कोंबू नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, पण नवीन मशीन म्हणजे घरसामान नव्हे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. ते नसताना वाटेत गाडी अडवली, तर मशीनसोबत तुमच्या गाद्याही तिथेच अडकतील. मशीन विक्रेत्याकडून थेट नागपूरच्या पत्त्यावर बिलासकट मागवा.

आणि कागदपत्रं पुण्यात बसून करू नका. तेल म्हणजे खाद्यपदार्थ, त्याची एफएसएसएआय नोंदणी जागेनुसार असते. भोसरीच्या पत्त्यावरची नागपूरला चालणार नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला दोन हजार देऊ नका. आधी नागपूरच्या जागेचं अ‍ॅग्रीमेंट आणि लाइट बिल हातात घ्या, मग शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, बाकीचं. भाड्याची जागा असेल तर मालकाचं संमतीपत्र अ‍ॅग्रीमेंटच्या दिवशीच सही करून घ्या. नंतर मालक मुलाकडे बंगलोरला गेलेला असतो आणि तुमचा जीएसटीचा अर्ज महिनाभर लटकतो.