घरात चांदीकाम करताय? गॅस टॉर्च घेण्याआधी एवढं वाचा

विटा : खानापूर, आटपाडी भागातले गलाई बांधव देशभर सोनं-चांदी गाळतात. हुपरीत घरोघरी चांदीचे दागिने घडतात. तसं काम घरी सुरू करायचं तर टॉर्च नीट निवडायला हवा.

अंगठी, जोडव्याला डाख लावायला ब्युटेनचा हातात मावणारा छोटा टॉर्च पुरतो. जाड कडं किंवा पैंजणाला एलपीजीची मोठी ज्योत लागते, कारण चांदीत उष्णता झटकन पसरते. म्हणून ज्योत एकाच जागी न धरता सगळा नग सारखा तापवा. चांदी ९६२ अंशांला वितळते. डाख त्याआधीच धावतो. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, व्यावसायिकच घ्या.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळाला की जमिनीलगत साचतो. त्यामुळे दार उघडं ठेवून काम करा. जोड साबणाच्या पाण्यानं तपासा, काडी ओढून कधीच नको. वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करू नका, सिलिंडर बंद करून बाहेर पडा आणि १९०६ वर फोन लावा.

नग विटेवर ठेवा, लाकडी पाटावर नको. कपडे सुती, पदर खोचलेला, डोळ्यांवर चष्मा. कॅडमियमचा डाख टाळा, त्याचा धूर फुफ्फुसांना घातक असतो. काम संपलं की आधी सिलिंडर बंद करा, नळीतला गॅस जळू द्या, मग टॉर्चची चावी फिरवा. पोरांना मात्र लांबच ठेवा.